पॉवर झूम लेन्स: वेग कसा बांधावा, धक्का कसा टाळावा, भंडाऱ्यापासून कशी जपावी

हाताने रिंग फिरवून वीस सेकंदांचा संथ झूम घेताना अडचण नेमकी मधे येते. मनगट पूर्ण वळते, बोटांना पकड बदलावी लागते आणि त्या क्षणी फ्रेम थांबते, हलते, मग पुन्हा चालू होते. मोटरवर चालणाऱ्या झूमचा, म्हणजे पॉवर झूमचा, पहिला उपयोग इथे आहे: वेग पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकसारखा राहतो. दुसरा उपयोग म्हणजे लेन्सला हात न लावता, लांबून बटणाने झूम करता येतो. एकट्याने कीर्तन, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा लग्न चित्रित करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागतात. पण कॅमेरा खोक्यातून येतो तेव्हा झूमचा वेग बहुधा अशा कामासाठी फार जास्त असतो. तो आधी बांधून घ्यावा लागतो, आणि बरेच जण नेमके तेच करत नाहीत.

आधी आपली लेन्स कोणत्या जातीची ते ओळखा

पहिली जात मिटणाऱ्या किट लेन्सची. सोनीची ई पीझेड १६-५० (वजन ११६ ग्रॅम, फिल्टर ४०.५ मि.मी.), पॅनासॉनिकची पीझेड १४-४२, ऑलिम्पसची १४-४२ ईझेड, फुजीची एक्ससी १५-४५ या सगळ्या यातल्या (पीझेड म्हणजे पॉवर झूम; १६-५० असे आकडे मि.मी.मधल्या फोकल लेंथचे, आकडा जितका मोठा तितके दृश्य जवळ). कॅमेरा बंद असताना नळी आत मिटते, चालू केला की बाहेर येते. खिशात मावतात, पण नाजूक असतात आणि टेलीला (दूरचे जवळ आणणाऱ्या टोकाला; उलटे टोक म्हणजे वाइड) गेल्या की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे छिद्र, लहान होते.

दुसरी जात आतल्या आत झूम करणारी: बाहेरची लांबी बदलतच नाही. सोनीची ई पीझेड १८-१०५ एफ/४ (४२७ ग्रॅम), एफई पीझेड १६-३५ एफ/४ (३५३ ग्रॅम), ई पीझेड १०-२० एफ/४ (१७८ ग्रॅम), निकॉनची झेड डीएक्स १२-२८ पीझेड (२०५ ग्रॅम), फुजीची एक्सएफ १८-१२० एफ/४ (४६० ग्रॅम). कामाची लेन्स घ्यायची तर यातली घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. धूळ आत खेचली जात नाही, गिंबलचा (कॅमेरा मोटरने स्थिर धरणाऱ्या पकडीचा) तोल बिघडत नाही, आणि निकॉनची १२-२८ सोडली तर या सगळ्यांचे ॲपर्चर झूमभर एफ/४ राहते.

तिसरी जात मोठ्या व्हिडिओ लेन्सची: सोनीची २८-१३५ एफ/४ (१२१५ ग्रॅम) आणि १८-११० एफ/४ (११०५ ग्रॅम), दोन्हींना ९५ मि.मी. फिल्टर. चौथी सोय म्हणजे साध्या लेन्सला खालून जोडायची मोटर. कॅननचा पीझेड-ई१ हा ॲडॉप्टर २०१६ मध्ये ईएफ-एस १८-१३५ च्या नॅनो यूएसएम आवृत्तीसाठी आला. आरएफ २४-१०५ एफ/२.८ झेड या लेन्ससाठी पीझेड-ई२ आणि पीझेड-ई२बी आहेत. हे ॲडॉप्टर ठरावीक लेन्सनाच बसतात, कारण लेन्सच्या अंगावर त्यासाठीची खाच आणि संपर्कबिंदू असावे लागतात. 'कॅननची लेन्स आहे, म्हणजे बसेल' असे धरून चालू नका.

एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचे बरेच घोळ टळतील. बहुतेक पॉवर झूम लेन्सवरची झूम रिंग आतल्या काचांना दांतेचक्राने जोडलेली नसते. तुम्ही रिंग फिरवता तेव्हा फक्त एक सेन्सर वाचला जातो आणि काम मोटरच करते. म्हणून रिंग न थांबता गोल फिरत राहते, तिच्यावर फोकल लेंथचे आकडे नसतात आणि हाताच्या हालचालीमागे किंचित उशिराने फ्रेम हलते. सोनीच्या १८-११० वर सर्व्हो (मोटरवर) आणि मॅन्युअल (हाताने) असा खटका आहे आणि मॅन्युअलला टाकल्यावर रिंग खरोखर यंत्राने जोडली जाते. झटक्यात झूम मारायचा असेल तर हाच फरक कामी येतो.

किती लांबून किती मोठी फ्रेम मिळेल

लेन्स निवडण्याआधी आणि मंडपात ट्रायपॉड कुठे उभा करायचा ते ठरवण्याआधी हा हिशेब करा:

फ्रेमची रुंदी (मीटर) = सेन्सरची रुंदी (मि.मी.) × अंतर (मीटर) ÷ फोकल लेंथ (मि.मी.)

सेन्सरची रुंदी फुल फ्रेमला ३६, सोनी-निकॉन-फुजीच्या एपीएस-सीला सुमारे २३.५ आणि मायक्रो फोर थर्ड्सला १७.३ मि.मी. धरा. कीर्तनकार १० मीटरवर उभे आहेत आणि तुमच्याकडे एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८-१०५ आहे. १८ ला रुंदी १३ मीटर, म्हणजे सगळे टाळकरी आणि व्यासपीठाचे दोन्ही खांब. ३५ ला ६.७ मीटर. १०५ ला २.२४ मीटर रुंद आणि १.२६ मीटर उंच, म्हणजे फेट्यापासून मांडीपर्यंत. छातीपासून वरची फ्रेम हवी असेल तर ट्रायपॉड ६ मीटरवर आणावा लागेल. काही कॅमेरे ४के मध्ये सेन्सरची कड कापून वापरतात. तुमचा तसा असेल तर फ्रेम आणखी अरुंद मिळते, हे हिशेबात धरा.

वेग बांधणे

घरी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, अर्धा तास काढून हे करा.

१. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. सोनीच्या मेनूत झूम रेंज 'ऑप्टिकल झूम ओन्ली' ठेवा. 'क्लिअर इमेज झूम' चालू राहिला तर लेन्स टेलीच्या टोकाला पोहोचल्यावर कॅमेरा न थांबता डिजिटल झूम करू लागतो. ४के मध्ये तो १.५ पटीपर्यंत आणि एचडीमध्ये २ पटीपर्यंत जातो, आणि ज्या क्षणी काच थांबून आकड्यांचा झूम सुरू होतो तिथे हालचालीत बारीक गचका दिसू शकतो.

२. नव्या सोनी कॅमेऱ्यांत झूमच्या पानावर 'लिव्हर झूम स्पीड', 'कस्टम की झूम स्पीड' आणि 'रिमोट झूम स्पीड' अशा वेगवेगळ्या ओळी असतात. वेग १ ते ८, त्यात १ सर्वात संथ. 'फिक्स स्पीड'मध्ये स्टँडबायचा (रेकॉर्डिंग चालू नसतानाचा) वेग वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा ठेवता येतो. स्टँडबाय ८ ठेवा म्हणजे फ्रेम पटकन शोधता येते, रेकॉर्डिंग १ किंवा २ ठेवा.

३. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांवर पीझेड लेन्सचा वेग उणे ५ ते अधिक ५ अशा अकरा पायऱ्यांत असतो, तोही रेकॉर्डिंगच्या आधीचा आणि रेकॉर्डिंग चालू असतानाचा वेगळा. पॅनासॉनिकमध्ये 'पॉवर झूम लेन्स' या नावाखाली झूम स्पीडच्या तीन पायऱ्या मिळतात.

४. आता घड्याळ घ्या. रेकॉर्डिंग चालू करा, वाइड टोकापासून टेली टोकापर्यंत बटण दाबून धरा आणि किती सेकंद लागतात ते मोजा. प्रत्येक पायरीला असे मोजून आकडे कागदी चिकटपट्टीवर लिहा आणि पट्टी लेन्सच्या डब्याला आतून चिकटवा.

५. या आकड्यावरून 'दुप्पट होण्याचा वेळ' काढा, कारण डोळ्याला वेग जाणवतो तो त्यावर: फ्रेममधला माणूस दुप्पट मोठा व्हायला किती सेकंद लागतात? १८-१०५ च्या पूर्ण झूममध्ये प्रतिमा ५.८३ पट होते, म्हणजे सुमारे अडीच वेळा दुप्पट. पूर्ण झूमला ३० सेकंद लागत असतील तर एका दुपटीला साधारण १२ सेकंद. १६-५० साठी भागाकाराचा आकडा १.६, २८-१३५ साठी २.३, १२-२८ साठी १.२.

दुप्पट व्हायला १० ते १५ सेकंद लागत असतील तर प्रेक्षकाला झूम चालू आहे हे चटकन कळत नाही, तो नकळत जवळ येतो. ४ ते ६ सेकंदांत दुप्पट होत असेल तर कॅमेरा काहीतरी दाखवायला निघाला आहे हे जाणवते. २ सेकंदांच्या आत झाले तर तो धक्का असतो, वरातीत बँडवाल्याने अचानक सूर बदलला तिथे चालेल, निरूपणात नाही.

लेन्सच्या अंगावर सरकता लिव्हर असेल तर तो किती ढकलला यावर वेग ठरतो. जुन्या कॅमेऱ्यांत वेगाचा मेनू नसतोच, तिथे या लिव्हरवरच बोट बसवावे लागते. सराव करताना अंगठ्याचे टोक लिव्हरवर न ठेवता अंगठ्याची गादी त्याच्या कडेला टेकवा आणि उरलेली बोटे लेन्सच्या खालच्या बाजूला आधाराला ठेवा. दाब टोकाने दिला की उडी बसते, गादीने दिला की तो हळूहळू वाढवता येतो.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात पडल्यावर चूक थेट प्रक्षेपणात सगळ्यांना दिसते. कॅमेऱ्यातून एचडीएमआयने किंवा यूएसबीने लाइव्ह देत असाल आणि कार्डावर रेकॉर्डिंग चालू नसेल, तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो स्टँडबायलाच आहे. म्हणजे स्टँडबायचा ८ हा वेग लागू होतो. लाइव्हसाठी दोन्ही वेग संथ ठेवा, नाहीतर कार्डावरही रेकॉर्डिंग चालू ठेवा. दुसरा मार्ग जास्त बरा: इंटरनेट तुटले तरी मूळ चित्रण हाताशी राहते.

प्रत्यक्ष शॉट

झूम होताना फ्रेमचा मधला बिंदू जागचा हलत नाही, बाकी सगळे त्याच्यापासून लांब पळते. म्हणून फ्रेम नेहमी शेवटाकडून बांधा. आधी टेलीला जाऊन कीर्तनकारांची हवी ती फ्रेम लावा, डोक्यावर मोकळी जागा बघा. मग पॅन-टिल्टला (कॅमेरा आडवा-उभा वळवण्याला) हात न लावता वाइडला या. वाइडमध्येही फ्रेम पटत असेल तर दोन्ही लॉक घट्ट करा आणि शॉट घ्या. वाइडमध्ये वर नुसताच मंडपाचा कापडी छत दिसत असेल, तर झूम चालू असताना सोबत थोडा टिल्ट करावा लागणार. त्यासाठी फ्लुइड हेड (गुळगुळीत, संथ वळणारे ट्रायपॉडचे डोके) हवे, ताण मध्यम ठेवा, आणि टिल्ट झूम सुरू झाल्यावर सुरू करून झूम संपण्याआधी संपवा. कॅमेरा आधी टिल्ट आणि मग झूम करायला लागला की दोन वेगळ्या हालचाली दिसतात.

उदाहरण घ्या. ३५ मि.मी.पासून १०५ पर्यंत, म्हणजे तिप्पट. दुपटीला १२ सेकंद असतील तर या शॉटला सुमारे १९ सेकंद लागतील. निरूपणात दृष्टांत सुरू झाला की झूम इन सुरू करा, तो संपेपर्यंत चेहऱ्याच्या जवळ पोहोचलेले असाल. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरले की झूम आउट, कारण तेव्हा बघण्याजोगे फ्रेमच्या कडांना असते: मृदंगाची थाप, विणेकरी, उड्या घेणारे टाळकरी. उलट केले, म्हणजे टाळ वाजत असताना चेहऱ्यावर गेलात, तर आवाज मोठा आणि चित्र लहान असे विचित्र वाटते.

झूमच्या आधी २ सेकंद आणि नंतर ३ सेकंद फ्रेम स्थिर ठेवा. कापायला जागा मिळते. ठरावीक वेगाची मोटर एकदम चालू होते आणि एकदम थांबते. वेग १ ला हे जाणवत नाही, ३-४ पासून पुढे जाणवते.

कॅमेऱ्याच्या अंगावरच्या माइकला मोटरचा आवाज ऐकू जातो, शांत खोलीत तर नक्कीच. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून किंवा वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या.

फोकस आणि उजेड

झूम करताना फोकस जागेवर टिकतो की नाही हे आधी तपासा. टेलीला जा, ॲपर्चर पूर्ण उघडा, ५ मीटरवर टांगलेल्या वर्तमानपत्राच्या मथळ्यावर ऑटोफोकस करा आणि मग मॅन्युअल फोकसला टाका. आता वाइडपर्यंत जाऊन परत टेलीला या, सगळे रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर बघा. मथळा सगळीकडे स्पष्ट असेल तर मॅन्युअलवर झूम करता येईल. मधेच मऊ होऊन शेवटी परत स्पष्ट होत असेल तर ऑटोफोकस सतत चालू ठेवून आणि वेग संथ ठेवूनच काम करा. सोनीवर 'एएफ ट्रान्झिशन स्पीड' ४ किंवा ५ (एकूण ७) आणि 'सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी' २ (एकूण ५) पासून सुरुवात करा. मग समोरून कोणी आरतीचे ताट घेऊन गेले तरी फोकस लगेच त्याच्यामागे पळत नाही.

उजेडाचे गणित किट लेन्सवाल्यांसाठी. एफ/३.५-५.६ लेन्सवर वाइडपासून टेलीपर्यंत सुमारे एक स्टॉप आणि एक तृतीयांश इतका उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ऑटो एक्स्पोजरवर असाल तर कॅमेरा झूमच्या मधे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवत राहतो आणि पांढरा सदरा हळूहळू करडा-पांढरा असा बदलतो. उपाय सोपा आहे: कॅमेरा एम मोडवर, ॲपर्चर सुरुवातीपासूनच एफ/५.६, शटर १/५० (आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकत नाही), आयएसओ हाताने. वाइडला एफ/३.५ चा उजेड सोडून द्यावा लागतो, पण शॉट एकसंध राहतो.

ट्रायपॉडवर असताना लेन्सचे आणि कॅमेऱ्याचे स्टॅबिलायझेशन बंद करा. चालू राहिले तर पॅन-टिल्ट संपल्यावर फ्रेम आपोआप थोडी सरकून मग स्थिरावते.

लांबून झूम

१०५ मि.मी.ला लेन्सवरच्या लिव्हरला बोट लावले तरी फ्रेम थरथरते. म्हणून ट्रायपॉडच्या दांड्यावर रिमोट लावणे हाच खरा उपाय. सोनीकडे तारेचा आरएम-व्हीपीआर१ आहे, तो कॅमेऱ्याच्या मल्टी टर्मिनलला लागतो. ब्लूटूथवाल्यांत आरएमटी-पी१बीटी रिमोट आणि जीपी-व्हीपीटी२बीटी ही पकड आहे. ब्लूटूथ जोडताना क्रम पाळा: कॅमेऱ्यात ब्लूटूथ चालू, मग 'ब्लूटूथ रिमोट कंट्रोल' चालू, मग जोडणीचे पान उघडे ठेवून रिमोटची बटणे. मधली पायरी विसरली की रिमोट जोडलेला दिसतो पण काहीच करत नाही. निकॉनच्या १२-२८ साठी एमएल-एल७ रिमोट चालतो.

रिमोट नसेल तर कॅमेऱ्याच्याच दोन बटणांना 'झूम ऑपरेशन टी' आणि 'झूम ऑपरेशन डब्ल्यू' लावता येतात. लेन्सवर बोट ठेवण्यापेक्षा ते बरे, कारण कॅमेऱ्याचे अंग ट्रायपॉडच्या जवळ असते.

जुन्या कॅमकॉर्डरचे २.५ मि.मी. पिनचे लँक रिमोट बऱ्याच जणांकडे पडून असतात. मिररलेस कॅमेऱ्याला ते थेट लागत नाहीत.

गिंबलवर मिटणारी लेन्स लावत असाल तर तोल कॅमेरा चालू करून, नळी बाहेर आल्यावर साधा. बंद कॅमेऱ्यावर तोल साधला की चालू करताच लेन्स पुढे येते आणि टिल्टची मोटर शॉटभर त्याच्याशी झगडत राहते.

झोपलेला कॅमेरा फ्रेम विसरतो

दोन भाषणांच्या मधे रेकॉर्डिंग थांबवले, मिनिटभराने कॅमेरा वीज वाचवायला झोपला, लेन्स आत मिटली. जागा केला तर लेन्स थेट वाइडला उघडते, तुम्ही बांधलेली ५० मि.मी.ची फ्रेम गेली. म्हणून 'पॉवर सेव्ह' बंद करा, बंद होत नसेल तर सर्वात लांबचा वेळ द्या. निकॉनमध्ये 'सेव्ह झूम पोझिशन' आणि पॅनासॉनिकमध्ये 'झूम रिझ्यूम' चालू केले तर बंद करून उघडल्यावरही जुनी फोकल लेंथ परत येते. ज्यात ही सोय नाही तिथे स्क्रीनवरचा फोकल लेंथचा आकडा लिहून ठेवा.

झोप बंद केली की बॅटरी जास्त खाल्ली जाते. सोनीची एनपी-एफडब्ल्यू५० फक्त १०२० एमएएचची आहे, एनपी-एफझेड१०० २२८० ची. दोन-तीन तासांच्या कार्यक्रमाला यूएसबीने वीज द्या आणि बॅटरीही आत असू द्या.

लेन्स काढताना: कॅमेरा बंद, दोन सेकंद थांबा, नळी पूर्ण मिटली की मगच खटका दाबून फिरवा. चालू कॅमेऱ्यातून बॅटरी ओढली तर नळी बाहेरच अडकते. ती हाताने आत ढकलू नका. बॅटरी परत घाला, चालू करा, बंद करा, ती आपली आपण मिटते.

पिशवीतला अपघात याहून वाईट. खच्चून भरलेल्या पिशवीत कॅमेऱ्याचा स्विच दबला की लेन्स बाहेर यायला बघते, समोर चार्जर असतो, आणि प्लॅस्टिकच्या दांतेचक्रांचे दात जातात. मिटणारी लेन्स पिशवीत तोंड वर करून, वर मोकळी जागा ठेवून घाला, लांबच्या प्रवासात बॅटरी काढून ठेवा. तिच्यावर एकावर एक जाड फिल्टर चढवू नका, ते सगळे वजन त्या चिमुकल्या मोटरलाच ओढावे लागते.

भंडारा, गुलाल, वाळू, पाऊस

जेजुरीचा भंडारा आणि विसर्जनाचा गुलाल हे पॉवर झूमचे मोठे शत्रू. पूड मैद्यासारखी बारीक. मिटणारी लेन्स प्रत्येक झूमला हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर हळद नळीच्या फटीत जाते. अशा ठिकाणी आतल्या आत झूम होणारी लेन्स घ्या, समोर साधा पारदर्शक फिल्टर लावा, नळी आणि माउंटचा सांधा स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिक फिल्मने दोन वेढे देऊन गुंडाळा. मिटणारीच लेन्स असेल तर एका फोकल लेंथवर ठेवून झूम न वापरता चित्रण करा, आणि पूड झटकेपर्यंत कॅमेरा बंद करू नका, कारण बंद करताच ती पूड घेऊन आत मिटेल.

साफ करताना लेन्सचे तोंड जमिनीकडे धरा, हातपंपाच्या ब्लोअरने हवा मारा, मग मऊ कोरड्या ब्रशने फट झाडा. ओला कपडा आधी नको: भिजलेल्या हळदीची पेस्ट होते आणि डाग बसतो. डब्यातली दाबाची हवा तर नकोच, ती पूड आणखी आत रेटते. कोकणाच्या किनाऱ्यावरच्या वाळूलाही हेच लागू.

पावसाळ्यात लेन्स बंद कातडी केसमध्ये ठेवून विसरू नका, बुरशी काचेवरच बसते असे नाही, आतल्या वंगणावरही ओलीचा परिणाम होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटे हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा, आणि आठवड्यातून एकदा लेन्स कॅमेऱ्यावर लावून चार-पाच वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा.

काही बिघडले तर

रिंग फिरवली तर झूमऐवजी फोकस बदलतो: हा बिघाड नव्हे. १६-५० सारख्या एका रिंगच्या लेन्सवर ऑटोफोकसमध्ये रिंग झूमची असते आणि मॅन्युअल फोकसला टाकली की फोकसची होते. झूमसाठी बाजूचा लिव्हर वापरा.

रिंग उलट दिशेने झूम करते: मेनूत 'झूम रिंग रोटेट' बदला.

'लेन्स ओळखता येत नाही' असा संदेश: बंद करून लेन्स काढा आणि माउंटवरचे संपर्कबिंदू बघा (सोनीच्या ई माउंटला ते १० असतात). कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, न गेल्यास कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा देऊन पुसा आणि वाळू द्या. खोडरबर वापरू नका, मुलामा घासला जातो आणि भुगा कॅमेऱ्यात पडतो. तरीही तोच संदेश येत असेल तर दुसरी लेन्स लावून बघा, म्हणजे दोष लेन्सचा की कॅमेऱ्याचा ते कळेल.

नळी दोन-तीनदा आतबाहेर करून थांबते: मोटरला तिची सुरुवातीची जागा सापडत नाही. लेन्स समोरून बघा. नळी एका बाजूला तिरकी दिसली तर ती पडलेली किंवा दाबली गेलेली आहे. सरळ असेल तर वाळूचा कण. ब्लोअर मारून एकदा बघा. कटकट असा आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा, प्रत्येक प्रयत्नात आणखी एक दात झिजतो.

एका ठरावीक फोकल लेंथलाच ॲपर्चरची चूक येते किंवा चित्र काळे पडते: आतली लवचीक पट्टीची वायर घडीवर तडकलेली असण्याची शक्यता मोठी. घरी उघडू नका. किट लेन्स असेल तर दुरुस्तीचा आकडा आधी विचारा, बहुतेक वेळा वापरलेली तशीच लेन्स त्याच किमतीत मिळते.

साध्या झूम लेन्सला मोटर

पॉवर झूम लेन्स नाही पण हातात चांगली साधी झूम आहे, तर फॉलो फोकसची मोटर झूम रिंगला लावता येते. लागते ते एवढे: १५ मि.मी. दांडा बसणारी प्लेट, ०.८ मॉड्यूलचा दात असलेला रबरी पट्टा झूम रिंगसाठी, मोटर आणि तिचा हातातला कंट्रोलर. पट्टा सरकणार नाही इतका घट्ट बांधा, मोटरचे दात पट्ट्यात पूर्ण बसवा आणि मगच दांड्यावर कसा. नख घालता आले तर सैल आहे, दिशा बदलताना तिथे गचका येईल. कॅलिब्रेशन आपोआप न करता हाताने टोके ठरवा आणि ती खऱ्या टोकाच्या किंचित आधी ठेवा, म्हणजे मोटर दर वेळी रिंगच्या अडणीवर आपटणार नाही. नळी बाहेर येणाऱ्या लेन्समध्ये रिंगचा ताण सगळीकडे सारखा नसतो, मधे जड लागते आणि संथ वेगात मोटर तिथे अडखळते. २४-७० पेक्षा ७०-२०० सारखी आतल्या आत झूम होणारी लेन्स यासाठी खूप सोपी जाते.

खांद्यावरच्या कॅमेऱ्याचा बॅक फोकस

२/३ इंची बी४ माउंटच्या फुजिनॉन किंवा कॅनन लेन्सवर काम करणाऱ्यांनी रॉकरआधी (झूमच्या दुतर्फी बटणाआधी) बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सरमधल्या अंतराची जुळणी, बघावा. टेलीला स्पष्ट आणि वाइडला धूसर दिसत असेल तर दोष इथेच असतो. चांदणीसारख्या रेषांचा चार्ट सुमारे ३ मीटरवर लावा, आयरिस पूर्ण उघडा (उजेड जास्त झाला तर एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा फिल्टर, लावा, आयरिस बंद करू नका). टेलीला जाऊन पुढच्या फोकस रिंगने चार्ट स्पष्ट करा. वाइडला येऊन एफ.बी. किंवा एफ.एफ. लिहिलेल्या मागच्या रिंगचा स्क्रू सैल करा आणि त्या रिंगने स्पष्ट करा. दोन्ही टोकांना काहीच हलवावे लागत नाही तोपर्यंत, बहुधा दोन-तीन वेळा, हे आलटून पालटून करा आणि स्क्रू घट्ट करा. मॅक्रोची रिंग चुकून हललेली नाही ना हेही त्याच वेळी बघा.